चूपबाई आणि बाइंडर

माझ्या आत्याला सगळं उपनगर चूपबाई म्हणायचं. तोंडावर नाही, तेवढी कुणाची छाती नव्हती. वाचनालयात कुणी खोकलं तरी ती चष्म्यावरून असं बघायची की खोकला घशातच राहायचा. घरी मात्र हीच बाई कडाकडा भांडायची.

वाचनालय सुरू झालं ते पाण्याच्या टाकीजवळच्या पंपघरात. दोन कपाटं, एक बाक आणि भिंतभर ओल. मग ते पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर गेलं. तिथे तासभर वाचून उठलेला माणूस भुतासारखा पांढरा होऊन घरी जायचा. शेवटी नगरपालिकेने कोपऱ्यावरची जागा दिली, पण अट घातली: वाचनालय सलग आठवडाभर बंद राहिलं तर जागा परत. आत्याने ती अट स्वतःच आणखी आवळून घेतली. आठवडा सोडाच, एक दिवसही टाळं लावायचं नाही. आजोबा गेले तेव्हा अंत्यविधी उरकून ती थेट वाचनालयात गेली, आणि माझे बाबा तिच्याशी कितीतरी दिवस बोलले नाहीत.

त्या कोपऱ्यावर पैलवानाचा डोळा होता. पैलवानाने आखाडा कधी पाहिला नव्हता. माणसं झोडपून आणि झोडपवून हे नाव पडलं होतं. त्याला तिथे दुकानांची रांग काढायची होती, म्हणजे आधी वाचनालयाला टाळं लागायला हवं होतं. पहिल्यांदा दगड आले. पेपर वाचणाऱ्या एका पेन्शनर आजोबांच्या भुवईत काच घुसली आणि रक्त पेपरवर ठिबकलं. आत्याने त्यांना टाके घालायला पाठवलं, काचा झाडल्या आणि संध्याकाळी पुन्हा पुस्तकं द्यायला बसली. मग खिडकीतून रॉकेलचा जळता बोळा आला. चरित्रांचं कपाट जळालं, विझवताना आत्याचा हात कोपरापर्यंत सोलला. दुसऱ्या दिवशी ती डाव्या हाताने शिक्के मारत होती.

मग पैलवानाच्या माणसांनी बाइंडरला गाठलं. हा पंपघरापासूनचा माणूस. मागच्या खोलीत बसून खिळखिळी झालेली पुस्तकं शिवायचा, दाबयंत्रात आवळायचा, हातोडीने पाठ ठोकून गोल करायचा. त्या संध्याकाळी तो आत्याकडे आला तेव्हा मी तिथेच होते.

"बाई, त्यांनी मला रस्त्यात धरलं. उद्या बघतो तुला, म्हणाले. उद्याचा दिवस बंद ठेवू या ना. एका दिवसाने काय जातंय?"

"एक दिवस बंद ठेवलं की त्यांना कळेल, आपण घाबरलो."

"मी घाबरलोच आहे, बाई."

"मग तू बस घरी. मी उघडते."

ही एकटी उघडणार म्हटल्यावर तो घरी बसणारा नव्हता, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचा मला राग येतो तो इथे. एका दिवसाने अट मोडत नव्हती. मोडला असता तो हिचा ताठा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनकक्ष गच्च भरला होता. परीक्षा जवळ आल्या होत्या. तिघे मागच्या दाराने बाइंडरच्या खोलीत शिरले. त्याचा उजवा पंजा त्यांनी त्याच्याच दाबयंत्रात घातला आणि चाक फिरवलं. मग त्याचीच हातोडी उचलली. मधे एक भिंत, भिंतीपलीकडे खोलीभर माणसं. तो ओरडला असता तर निम्मी तरी धावली असती. तो ओरडला नाही. तोंड कुणी दाबलं नव्हतं, तिघांतल्या एकाने पुढे कोर्टात सांगितलं, "तो हळूच बोलत होता. सोडा, सोडा, असं. कुजबुजल्यासारखं." इतकी वर्षं त्या भिंतींच्या आत त्याने कधी आवाज चढवलाच नव्हता.

आत्याला ठोकण्याचा आवाज ऐकू येत होता. पुस्तकाची पाठ ठोकतोय, असं तिला वाटलं. तिने भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, "अरे, हळू ठोक."

बाइंडर त्याच रात्री इस्पितळात वारला. पैलवान आणि ते तिघे तुरुंगात गेले, जागा वाचली. तो गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्याने मागच्या खोलीची फरशी स्वतः धुतली होती आणि वाचनालय उघडलं होतं. बाइंडरच्या बायकोला भेटायला ती तीनदा गेली. तिन्ही वेळा दार लागलेलंच होतं.

पुढे वरचा मजला झाला. सभागृहाला बाइंडरचं नाव द्यायचं ठरलं आणि पाटीचं अनावरण त्याच्या बायकोच्या हस्ते. ती येणार नाही असं सगळे म्हणत होते, पण आली. अध्यक्षांनी त्यागबिग बोलून घेतलं. ती उठली, पाटीवरचं कापड काढलं, ती पितळी पाटी स्टँडवरून उचलली आणि शेजारी उभ्या असलेल्या आत्याच्या तोंडावर हाणली. पुन्हा हाणली.

"एक दिवस म्हणाला होता ना? एकच दिवस म्हणाला होता ना तुला?"

आत्याने हात वर केला नाही. दोघातिघांनी त्या बाईला धरलं, एकाने तिचा हात पिरगळला. तेव्हा आत्या रक्ताने भरलेल्या तोंडाने किंचाळली, "सोडा तिला!"

घरी मी तिचे ओठ पुसले. पुढचे दोन दात गेले होते. मी म्हटलं, "पोलिसांत जायचं. आत्ताच्या आत्ता."

"गप बस."

"अगं, मारून टाकलं असतं तिने!"

आत्याने माझ्या हातातला बोळा घेतला, स्वतःच जखमेवर दाबून धरला आणि म्हणाली, "फार उशीर केला गं तिने."