लांबूनच नमस्कार

"हात लावायचा नाही," ते म्हणाले आणि हातातली हातोडी माझ्या मुलीच्या बोटांवर मारली.

नारायण पेठेतलं वाद्यांचं दुकान. रविवारची सकाळ. समीक्षा नऊ वर्षांची, धायरीत तबल्याच्या क्लासला जाते. तिच्यासाठी पहिला तबला घ्यायला आलो होतो. चपला बाहेर काढून बैठकीवर बसलो होतो. शेजारी पांढऱ्या सदऱ्यातले एक वृद्ध गृहस्थ नवी पुडी, म्हणजे वरचं चामडं, बसवलेला आपला तबला हातोडीने ठोकत सुरात लावत होते. दुकानदार त्यांना 'अप्पा' म्हणत होता. त्यांच्यासाठी चहा मागवला होता.

समीक्षा उठली आणि तिचा पाय तबल्याखालच्या चुंबळीला लागला. क्लासमध्ये शिकवलंय, वाद्याला पाय लागला की नमस्कार करायचा. ती लगेच वाकली, तबल्याला बोटं लावली. ती बोटं कपाळाला जाण्याआधीच हातोडी बसली.

ती ओरडली नाही. माझ्याकडे बघायला लागली.

दुकानात आणखी चार माणसं होती. तीही माझ्याकडे बघत होती. आता बाप काय करतो.

"आडनाव काय आपलं?" अप्पांनी विचारलं. आवाज शांत होता.

मी सांगितलं.

"तरीच."

एवढंच म्हणाले आणि पुन्हा तबला ठोकू लागले.

मी काय केलं ते आता लिहितो. मी समीक्षाच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणालो, "चुकलं म्हण. पाया पड आजोबांच्या." ती ताठ राहिली. मी मान दाबली. ती वाकली, दुखरा हात पोटाशी धरून दुसरा हात पुढे केला. अप्पांनी पाय मागे घेतले.

"असू दे. लांबूनच."

कोणीतरी हसलं. मीही हसलो. हो, मीसुद्धा.

मानेवरचा हा हात मला माहीत होता. लोणी काळभोरला मी सात वर्षांचा असताना बागायतदाराच्या मुलाने मला दगड मारला होता. कपाळातून रक्त येत होतं आणि वडील माझी मान दाबून त्याच्या बापाला म्हणत होते, "पोरगं चुकलं, मालक." घरी येताना म्हणाले, "आदी वाकायचं. मग काय इचारायचं ते इचार." वडिलांचं पोट त्या मालकाच्या रानावर होतं. माझं काय होतं? मी सरकारी नोकरीत वरिष्ठ लिपिक. स्वतःचा फ्लॅट. घरात बाबासाहेबांचा फोटो, त्याला रोज हार. त्या म्हाताऱ्याशी माझं काही अडलेलं नव्हतं. तरी वाकलो, आणि स्वतः नाही, पोरीला वाकवलं.

तबला न घेताच निघालो. डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मधल्या बोटाचं हाड मोडलं होतं.

"कसं लागलं?"

"दारात सापडलं," मी म्हणालो.

समीक्षाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे. घरी बायकोला, संगीतालाही मी तेच सांगितलं.

सोमवारी तिला शाळेत सोडायला गेलो. फाटकाशी बाईंनी प्लास्टर पाहून विचारलं, काय गं, काय झालं? ती चटकन म्हणाली, "दारात सापडलं." आणि हसली. मी दुकानात हसलो होतो तसं.

मी रजा टाकली. घरी जाऊन संगीताला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"त्या माणसाला मी ओळखत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला पंधरा वर्षं ओळखते. अहो, तुम्ही तिची मान दाबलीत?"

तिने गॅस बंद केला.

"उठा."

समीक्षाला शाळेतून घेतलं आणि तिघं चौकीत गेलो. हवालदार चांगला माणूस होता. "म्हातारा माणूस, साहेब. समजुतीने घ्या ना."

"लिहून घ्या," मी म्हणालो. 'तरीच' लिहायला लावलं. 'लांबूनच' लिहायला लावलं. मग म्हणालो, "त्यानंतर मी मुलीची मान दाबून तिला त्यांच्या पाया पडायला लावलं."

त्याने पेन थांबवलं. "हे कशाला? तुमच्याच अंगाशी येईल."

"येऊ द्या."

त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. समीक्षा लक्ष देऊन ऐकत होती.

"बाबा, एकदा नाही," ती म्हणाली. "दोनदा दाबली. मी परत उठत होते तेव्हा."

मला आठवत नव्हतं. तिला आठवत होतं.

"दोनदा लिहा," मी म्हणालो.

दुकानदार आता म्हणतो, गिऱ्हाइकं शंभर येतात, कोण अप्पा, लक्षात नाही. ठीक. तबल्याची पुडी कायमची टिकत नाही. कधीतरी फाटते, मग तो दुकानात आणावाच लागतो. दर रविवारी दुकान उघडलं की मी त्या बैठकीवर जाऊन बसतो. दुकानदार आता चहा विचारत नाही. वर्ष लागो, दोन लागोत. त्या दिवशी समीक्षाने यायचं की नाही, ते ती ठरवेल. मी असेन. अप्पा आडनाव विचारोत न विचारोत, मी आधी सांगेन. मग तिथूनच हवालदाराला फोन लावेन.

समीक्षा अजून माझा हात मानेजवळ आला की दचकते. मी तिला दचकू नको म्हणत नाही.