गोल की त्रिकोण

"काहून बदललं?"

त्या रविवारी सकाळी सहापासून मी हा एकच प्रश्न विचारत होतो आणि माझा घसा बसला होता. बुटीबोरीच्या रस्त्याला, शहर संपल्यावर एक पडीक मैदान लागायचं. तिथं आमच्या हौशी मोटार क्लबानं ऑटोक्रॉस ठेवलं होतं. म्हणजे फार काही नाही. डांबराचे रिकामे ड्रम मांडायचे, चुन्यानं वळणं आखायची, एकेक गाडी सोडायची आणि कोणाला किती वेळ लागला ते घड्याळात पाहायचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा नागपुरात घरची मोटार असणंच अप्रूप, आणि ती अशी धुळीत गरगर फिरवायची म्हणजे लोकांच्या मते निव्वळ येडेपणा. तरी तो येडेपणा पाहायला ही गर्दी!

मी आयटीआयत मोटर मेकॅनिकचा वर्ग शिकवायचो. माझी स्वतःची सायकल होती, तीही सासऱ्यांनी दिलेली. पण इंग्रजी नियमावली वाचून समजावणारा आणि बॉनेट उघडल्यावर आतलं ओळखणारा क्लबात मी एकटाच, म्हणून गाड्या तपासायचं झेंगट माझ्या गळ्यात पडलं. कोणती गाडी कोणत्या वर्गात धावणार ते मी ठरवायचं. वर्ग दोन. स्टँडर्ड, म्हणजे कंपनीनं दिली तशीच असलेली गाडी. तिच्या दारावर चुन्यानं गोल काढायचा. मॉडिफाइड, म्हणजे फेरफार केलेली. तिच्या दारावर त्रिकोण. चुन्याची बादली आणि कुंचला माझ्या टेबलाखालीच होते.

नियमावली आली होती मुंबईहून. तिच्यात लिहिलेलं, एक जरी भाग कंपनीचा नसला तरी गाडी मॉडिफाइड. रडावं की हसावं तेच मला कळेना. अहो, नागपुरात अशी गाडी होती कोणाकडं? एक सुटा भाग मागवला की सहा-सहा महिने वाट पाहायची. तोवर गाडी काय अंगणात उभी करून तिची पूजा करायची? मिस्त्री भंगारातून काहीबाही आणायचे, घासायचे, ठोकायचे आणि बसवून द्यायचे. जीपचा कार्ब्युरेटर, ट्रॅक्टरचं रेडिएटर, ट्रकचा आरसा. मुंबईच्या नियमानं गेलो असतो तर झाडून सगळ्या गाड्यांवर त्रिकोण आला असता आणि स्टँडर्ड वर्गात चिटपाखरूही उरलं नसतं.

म्हणून मी आपला एक नियम केला. मालकाला विचारायचं, काहून बदललं? मोडलं म्हणून बदललं असेल तर गोल. गाडी जास्त पळावी म्हणून बदललं असेल तर त्रिकोण. क्लबाचे सेक्रेटरी म्हणाले, छान आहे, चालवा.

चालवा म्हणायला त्यांचं काय जातं! मैदानात उतरलेल्या प्रत्येकाचं सगळंच मोडलेलं होतं. एकानं इंजिनाचं डोकं घासून घेतलं होतं, जोर वाढावा म्हणून. जोडाची कड नव्या ताटासारखी चमकत होती. मी म्हटलं, "हेबी मोडलं होतं?" तर म्हणतो, "हाव ना सर, लय मोडलं होतं." त्याला त्रिकोण. कापसाच्या जिनिंगवाले एक शेठ आले, त्यांच्या गाडीला ट्रॅक्टरचं रेडिएटर. म्हणाले, "कंपनीचं येतपर्यंत माही पोरगी लग्नाची होऊन जाईन, सर." त्यांना गोल. मग आत वाकून पाहतो तर मूळची सीट काढून तिथं वेताची खुर्ची पाय कापून ठोकलेली.

"अन् हे?"

शेठ माझ्या कानाशी आले. "मूळव्याध हाय जी. गादीवर बसवत नाही."

टेबलाभोवतीचे सगळे खो खो हसले, मीही हसलो आणि गोल तसाच ठेवला. त्या दिवसातलं माझं शेवटचं हसू ते.

कारण त्यांच्या मागं दादाची गाडी उभी होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तीन वर्षांचा असताना तापात त्याचा डावा पाय गेला. शाळेत ड्रिलच्या तासाला मास्तर त्याला वर्गात बसवायचे, पोरांची दप्तरं राखायला. कबड्डीत तो कायमचा पंच. लग्नात सगळी पंगत पाटावर आणि याला कोपऱ्यात एकट्याला खुर्ची. कोणी वाईट वागलं असं नाही, सगळ्यांनी सांभाळूनच घेतलं. त्या सांभाळण्याचाच त्याला वीट आला होता.

आमचे वडील भिवापूरला मिरचीची आडत चालवायचे. ते गेल्यावर त्यांची जुनी गाडी, मुंबईत टॅक्सी म्हणून धावायच्या त्याच बनावटीची, नागपूरला आमच्या दारात येऊन उभी राहिली. दादा कचेरीत टायपिस्ट होता. हातात जोर होता. डाव्या पायानं क्लच दाबता येत नाही, तर एका मिस्त्रीनं गिअरच्या दांडीलाच स्कूटरला असते तशी क्लचची मूठ बसवून दिली आणि तिथून तार खाली नेली. मूठ इतकी जड की दादाच्या तळहाताला घट्टे पडले. पण गाडी चालवायला लागला, आणि काय चालवायचा! लायसन काढायला गेला तेव्हा तिथल्या साहेबानं त्यावर 'अपंगाचे वाहन' असा शिक्का मारून दिला. तो शिक्का दादा कोणाला दाखवायचा नाही.

ऑटोक्रॉसचा फॉर्म भरताना त्यानं मला समोर बसवून सांगितलं होतं. "हे पाह्य बाबू, मले बक्षीसगिक्षीस नाही पायजे. फक्त स्टँडर्डात घालजो. एकदा तरी सगळ्यायच्या लायनीत उभा राहू दे मले." मी म्हटलं होतं, त्यात काय एवढं, माझाच तर नियम आहे. दादानं कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. तेवढं एकच मागितलं त्यानं.

तर दादाची गाडी टेबलाशी आली. मागं रांग होती, लोक ऐकत होते, म्हणून मी सख्ख्या भावालाही तेच विचारलं.

"काहून बदललं?"

दादानं हसून आपल्या डाव्या गुडघ्यावर थाप मारली. "मोडलं होतं म्हून."

मी कुंचला बुडवला आणि दारावर गोल काढायला घेतला. अर्धा गोल काढून झाला असेल तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "सर, हे बरोबर नाही."

बर्डीच्या बाजारातल्या एका कापडवाल्यांचा पोरगा होता. आदल्या वर्षी स्टँडर्डमध्ये पहिला आलेला. बोलायला नम्र, तेच तर कठीण. "हाताचा क्लच पायापेक्षा लवकर दबते, सर. हा तं फायदा झाला."

"फायदा? त्याचा हात पाहा एकदा," मी म्हटलं.

"ते ठीक आहे, सर. पण तुमचे सख्खे भाऊ आहेत म्हून तुम्ही म्हणून राहिले."

मी सेक्रेटरींकडं पाहिलं. ते म्हणाले, "तपासनीस तुम्ही. तुम्हीच ठरवा." आणि चहाच्या टपरीकडं चालू लागले.

आज या वयात मी स्वतःशी खोटं कशाला बोलू? मला नियम कळत होता. तो मीच केला होता. गाडी पळावी म्हणून दादानं काही बदललं नव्हतं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मी सकाळपासून खोटी उत्तरं ऐकून ऐकून थकलो होतो, ऊन चढलं होतं, आणि 'भावाला गोल दिला' हे उद्या आयटीआयपर्यंत जाईल याची मला भीती वाटली. मला फक्त ते सगळं संपवायचं होतं. आमच्या घरात वडिलांपासून एक खोड आहे, न्यायी दिसण्यासाठी आपल्याच माणसाच्या पानात कमी वाढायचं. मी कपडा शोधायला लागलो.

दादा माझ्या हाताकडं पाहत होता. "काढ," तो म्हणाला. "लाइन थांबून हाय."

मी अर्धा गोल पुसला आणि त्रिकोण काढला. त्रिकोण धड आला नाही, एक बाजू आखूड राहिली.

मॉडिफाइडमध्ये सगळ्या घासलेल्या इंजिनांच्या गाड्या. दादा त्यांत शेवटचा आला, येणारच होता. पण घड्याळ माझ्याही हातात होतं. दादानं डाव्या हातानं मूठ दाबून, दांडी ओढून, ती वडिलांची म्हातारी गाडी अशी वळवली की एकाही ड्रमाला धक्का नाही. त्याची वेळ मी स्टँडर्डच्या यादीशेजारी ठेवून पाहिली. तो तिसरा आला असता. पहिला नाही, शेवटचा नाही, सगळ्यांमधलाच एक. त्याला तेच तर हवं होतं!

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण बक्षीस समारंभात सेक्रेटरींना उमाळा आला. लाउडस्पीकरवरून म्हणाले, पायानं अधू असूनही आमच्या एका बंधूंनी जी जिद्द दाखवली, तिच्याबद्दल खास उत्तेजनार्थ बक्षीस. स्टीलचा डबा. मैदानातले सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, कापडवाल्यांचा पोरगाही. दादा काठी टेकत गेला, डबा घेतला, नमस्कार केला, आला. त्याच्या तोंडाकडं पाहायची माझी हिंमत झाली नाही.

परत येताना मी त्याच्या शेजारी बसलो होतो. रहाटे कॉलनीचा चौक आला. गिअर बदलता बदलता तो म्हणाला, "शेठचा मूळव्याध स्टँडर्ड, अन् माहा पाय मॉडिफाय. वा रे वा!"

तो हसत होता. मीही हसायचा प्रयत्न केला. माफ कर दादा, एवढे दोन शब्द तेव्हा बोलायला पाहिजे होते. ते तोंडापर्यंत आले आणि चौक ओलांडल्यावर राहूनच गेले. घरी पोचल्यावर मी बादली घेऊन दार धुवायला गेलो, तर म्हणाला, "राहू दे." तो त्रिकोण कितीतरी दिवस तसाच होता. चुन्यानं खालचा रंग खाल्ला.

उन्हाळ्यात दादानं गाडी विकली. खांदा दुखते म्हणाला. दुखतही असेल. उमरेडच्या खाणीत नोकरी करणाऱ्या एका धडधाकट गृहस्थानं ती घेतली. तो गाडी न्यायला आला तेव्हा दादा आत टाइपरायटरला तेल घालत बसला होता, बाहेर आला नाही.

पुढच्या थंडीत ऑटोक्रॉस पुन्हा ठरलं. यावेळी मी स्वतः बसून आमची नियमावली मराठीत लिहिली, सायक्लोस्टाइल केली, आणि तिच्यात एक कलम घातलं: चालकाच्या शारीरिक अडचणीसाठी केलेला बदल हा बदल धरू नये. कोणी हरकत घेतली नाही. कोणी वाचलंच नसेल. दादालाही मी दाखवलं नाही. आता कोणत्या तोंडानं दाखवणार होतो?

त्या दिवशीही तेच मैदान, तीच धूळ, तीच खोटी उत्तरं. दुपार कलताना एक गाडी टेबलाशी आली आणि मला वर पाहायची गरजच पडली नाही, आवाजावरूनच ओळखली. उमरेडचे गृहस्थ उतरले. मी आत वाकून पाहिलं. गिअरच्या दांडीवरची मूठ नव्हती, तार नव्हती. दांडीवर नुसता एक घासल्याचा पट्टा राहिला होता.

तरी मी विचारलं. "काही बदललं?"

"नाही जी. उलट आधीच्या मालकानं काहीबाही बसवलं होतं, ते काढून टाकलं. आता एकदम कंपनीसारखी झाली."

खरं बोलणारा त्या दिवसातला तो पहिलाच माणूस. मी कुंचला बुडवून दाराशी बसलो. जुना त्रिकोण पुसट दिसत होता, वाकडा, एका बाजूनं आखूड. त्याच्यावरूनच मी गोल काढला. या खेपेला गोल एकदम नीट आला, आणि त्याचीच मला लाज वाटली.

संध्याकाळी घरी गेलो. दादा जेवायला बसला होता, आई वाढत होती. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो. दादानं मान वर न करता विचारलं, "आपली गाडी आल्ती म्हणे?"

"हो."

"कोणत्या वर्गात घातली?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण त्याला उद्या कोणीही सांगितलं असतं. "स्टँडर्ड," मी म्हटलं.

दादानं पुढचा घास कालवला. मग म्हणाला, "बरं झालं. गाडीचं तरी झालं." आणि आईकडं वाटी सरकवून त्यानं आणखी थोडं वरण मागितलं.