कुत्रीकडच्यांचा नकार

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आजवर किती लग्नं जमवली हे त्यांनाही सांगता येणार नाही. देवळाली प्रवरापासून सोनईपर्यंत कुठल्या घरात मुलगी लग्नाची आहे, कुठल्या मुलाला नोकरी आहे आणि कुठल्याला नुसतीच मोटारसायकल आहे, हे त्यांना तोंडपाठ. साखर कारखान्यात ते वजनकाट्यावर होते. उसाच्या गाड्या तोलायच्या आणि गाडीबरोबर आलेल्या माणसाकडून स्थळं काढायची, ही दोन्ही कामं ते एकाच खुर्चीवर बसून करत. अशा माणसाला स्वतःच्या मुलीचं तेवढं जमवता आलं नाही. आता माझं वय असं आहे की पाहुण्यांनीसुद्धा विषय काढायचं सोडलंय. दिव्याखाली अंधार, असं आई म्हणायची. मी म्हणायचे, अंधार बरा, झोप छान लागते.

आईवाचून दोन दिवाळ्या झाल्या होत्या. आई होती तेव्हा दर दिवाळीला ती सोनईला माहेरी जायची, चांगले आठ दिवस राहीन असं बजावून. भाऊबीज उलटली की दुसऱ्या सकाळी अण्णा सोनईच्या दारात हजर. "इकडं कारखान्याचं काम निघालं हुतं, म्हटलं जाता जाता घिऊन जावं." सोनईला कारखाना आहे, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. पण दर वर्षी नेमकं त्याच सकाळी काम कसं निघतं, असं मामा विचारायचे आणि सगळं घर हसायचं. आई कपाळावर हात मारून पिशवी भरायला घ्यायची.

ती गेल्यावर अण्णांनी लग्नं जमवायचं बंद केलं. फोन वाजायचा आणि वाजून थांबायचा. मी राहुरीला शाळेत गणित शिकवते. सकाळी जाते ती संध्याकाळीच उगवते. आले की झाकून ठेवलेली भाकरी अर्धी तशीच असायची. टीव्ही मोठ्याने चालू, आणि अण्णा त्याच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसलेले. विचारलं तर म्हणायचे, "ऐकतोय की." मला भीती वाटायला लागली. बसल्या जागी हळूहळू संपत गेलेली म्हातारी माणसं मी आमच्याच गल्लीत पाहिली होती, आणि माझ्या घरात मला ते व्हायला नको होतं.

नगरच्या पलीकडे, भिंगार ओलांडून गेलं की माळावर एक संस्था आहे. टाकून दिलेली, गाडीखाली सापडलेली कुत्री तिथे सांभाळतात आणि चांगलं घर मिळालं तर देतात. शाळेच्या कामाने नगरला गेले असताना मी तिथे डोकावले. सगळी कुत्री जाळीवर उड्या मारून स्वतःची जाहिरात करत होती. एक तांबूस कुत्री मात्र कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. एक कान अर्धा फाटलेला, मागचा पाय जरा ओढत चालणारी, वयानेही पोक्त. तिला बघून मला एकदम घरची आठवण झाली. मी म्हटलं, हीच द्या.

अण्णांना सांगितलं तर ते उसळले. "राखन कशाची करायची? घरात तू आन मी. आपल्याला कोन चोरून नेतंय?"

"ते देतील तर ना," मी म्हटलं. "देण्याआधी संस्थेच्या बाई घर बघायला येणार आहेत."

अण्णांनी टीव्हीचा आवाज कमी केला. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच.

"घर बघाया? म्हंजी मुलीकडचे येनार?"

"अण्णा, कुत्री आहे ती."

"कुत्री आसंना का. देनारी तर मानसं हायेत ना? कवा येनारेत?"

आणि तिथून पुढे माझ्या हातात काही राहिलं नाही. ओट्याला रंग लागला. शेजारच्या काकूंकडून सोनेरी काठाचे कप आले. पोहे कुणी करायचे यावर वाद झाला, कारण माझ्या हातचे पोहे खाऊन पूर्वी बरीच स्थळं परत गेली होती असा अण्णांचा पक्का समज आहे. शेवटी पोहेही काकूंनीच केले. पोह्यांच्या बशा घेऊन मी तरुणपणी पुष्कळ लोकांपुढे गेले आहे. चालून दाखव, उंची किती, चष्मा कायमचा का, असल्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. या वेळी पहिल्यांदाच मी वरपक्षाच्या खुर्चीत बसले. काय सांगू, फारच मऊ असते ती खुर्ची.

रविवारी बाई आल्या. पिकलेले आखूड केस, पायात बूट, कामापुरतं बोलणं. बरोबर एक चष्मेवाली मुलगी. पांढरीशुभ्र टोपी घालून अण्णा उंबऱ्यापर्यंत सामोरे गेले आणि "वाट सापडली ना नीट?" पासून सुरू झाले. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. याच्यामागून काय काय येतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी खोकले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"घरी दिवसभर कोण असतं?" बाईंनी विचारलं.

मला वाटलं, आता खरं सांगतील. पण मुलीकडच्यांसमोर घर ओकंबोकं आहे असं कोण सांगतं? "मानसांचा लई राबता," अण्णा म्हणाले. "सकाळपासून येनं-जानं चालूच. चुलीवरचा चहा उतरत न्हाई." आमच्याकडे चूल नाही. त्या आठवड्यात बाहेरचं कुणी दारात आलं असेल तर तो फक्त गॅसवाला.

बाईंनी चष्मेवालीकडे पाहिलं. "ती माणसांना बिचकते. गोंगाट सोसत नाही तिला."

ही अडचण अण्णांना कळलीच नाही. त्यांना वाटलं, तोललेला माल कमी भरला. मग त्यांनी जमीन काढली. दहा एकर बागायत, विहीर, ऊस, गोठा. ती सगळी जमीन चुलत्यांची. एका वाक्यात त्यांनी ती आमच्या नावावर करून घेतली. "मोकळं रान हाय. रातभर फिरू द्या, राखन करू द्या!"

"आम्ही शेताच्या राखणीला कुत्री देत नाही," बाई म्हणाल्या. आवाज चांगलाच थंड झाला होता.

मी उठून उभी राहिले. मला सांगायचं होतं, यातलं काही खरं नाही, तो पोह्यांचा परिणाम आहे. पण अण्णा माझ्याआधी आत गेले आणि लाल कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. मुलीला घालायचे दागिने सोयऱ्यांना दाखवायची पद्धतच आहे. त्यांनी कापड सोडलं. आत एक नवीकोरी, मनगटाएवढी जाड लोखंडी साखळी होती.

"अस्सल," अण्णा अभिमानाने म्हणाले. "म्हशीला बांधा, तुटायची न्हाई."

बाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. चष्मेवालीच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. अण्णांनी ते आनंदाश्रू समजून आपलं ठेवणीतलं वाक्य काढलं, "काळजी करू नका. पोरीवानी सांभाळू." तालुक्यातल्या निम्म्या मांडवांत हे वाक्य त्यांनी वरपक्षाच्या वतीने म्हटलेलं आहे आणि ते ऐकून भलेभले बाप रडले आहेत. बाई रडल्या नाहीत. कळवतो, म्हणाल्या.

"कळवतो" म्हणजे काय ते मला माहीत होतं. मी आयुष्यभर तेच ऐकलंय.

मंगळवारी फोन आला. तुमचं घर तिच्यासाठी योग्य वाटत नाही, असं बाई सभ्यपणे म्हणाल्या. मी अण्णांना सांगितलं.

"नकार? आपल्याला?"

"हो."

"मुलीकडून?"

"कुत्रीकडून, अण्णा." मी चिडले होते. घराचा दरवाजा उघडत होता, तो त्यांनी स्वतःच साखळी लावून बंद केला होता. "दिवसभर कोण असतं, एवढं खरं सांगितलं असतंत तर आज ती इथे असती. त्यांना शांत घर हवं होतं. दिवसभर घरात असणारं एक माणूस हवं होतं. होतं की आपल्याकडे!"

अण्णांनी टीव्हीचा आवाज वाढवला आणि भिंतीकडे वळून बसले. मला जोराने रडू आलं, ते मी कणीक मळताना उरकून घेतलं.

पुढच्या रविवारी सकाळी मी उठले तेव्हा ते टोपी घालून ओट्यावर तयार बसले होते. "गाडी काढ," म्हणाले. "भिंगारच्या पल्याड जायचंय." नकार आलेल्या घरी स्वतः उठून जाणं हे आमच्याकडे नाक कापून घेण्यासारखं असतं. अण्णांनी कुणाला तसा सल्ला दिलेला मी कधी ऐकला नाही. वाटेत एकदाच म्हणाले, "गाडी हळू हाक."

संस्थेत बाईंनी स्टीलच्या पेल्यात चहा दिला. पलीकडे ती कुत्री तशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती. अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, जमीन चुलत्याची हाय."

"बरं."

"आन मानसांचा राबता बी न्हाई. ही शाळंत जाती. घरात दिवसभर कोनी नसतं. म्हंजी मी असतो. पर मी आसून नसल्यावानीच." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "टीवी लावून ठेवतो. कुनीतरी बोलत ऱ्हावं म्हनून."

मी चहाच्या पेल्यात बघत बसले. दोन वर्षांत त्यांनी हे मला सांगितलं नव्हतं. सांगितलं ते माळावरच्या एका परक्या बाईला, तेही नकार देऊन बसलेल्या.

"आणि ती साखळी?" बाईंनी विचारलं.

"दुकानदार परत घिईना. झोपाळ्याची कडी तुटली हुती, तिथं लावली."

बाई पहिल्यांदा हसल्या. "कशी सांभाळाल तिला?"

मी वाट बघत होते, आता येणार 'पोरीवानी'. पण अण्णांनी बराच विचार केला. "कुत्री म्या कधी पाळली न्हाई," ते म्हणाले. "शिकंन."

त्याच दुपारी ती आमच्याबरोबर आली. चष्मेवाली फाटकापर्यंत रडत पोचवायला आली. बरोबर एक जुनं पांघरूण, गोळ्या आणि अर्धी पिशवी खाऊ दिला. अण्णांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि कुणी न विचारता म्हणाले, "दिवाळीला आनून सोडतो." तशी रीतच आहे. पहिल्या दिवाळीला मुलगी माहेरी जाते.

संस्थेने तिचं ठेवलेलं नाव इंग्रजी होतं, ते अण्णांच्या तोंडात बसेना. तसंही नावाने हाक मारायची त्यांना सवय नाही. आईलाही ते जन्मभर 'अगं' म्हणाले. कुत्रीलाही 'अगं'च म्हणायला लागले. आता घरात 'अगं' अशी हाक आली की मी आणि ती एकदमच वर बघतो, आणि बहुतेक वेळा हाक तिलाच असते. पहिला आठवडा दोघंही भिंतीकडे तोंड करून बसत. पण निदान एकाच भिंतीकडे. मग एका संध्याकाळी मी घरी आले तर टीव्ही बंद होता. अण्णा झोपाळ्यावर बसून तिला कुठल्याशा मुलाची माहिती सांगत होते. "नोकरी हाय, पर कायम न्हाई. तू काय म्हनतीस?" भाकरीचं ताट रिकामं होतं. त्यातली निम्मी कोणी खाल्ली हे मी विचारलं नाही.

दिवाळी आली. आमच्या गल्लीत फटाके असे वाजवतात की भिंतीसुद्धा दचकतात. तिला पहिल्या लवंगी माळेलाच कापरं भरलं. माळावर शांतता असते, म्हणून बाईंनीही आग्रहाने बोलावलं. आम्ही तिला वसुबारसेला नेऊन सोडलं. अण्णांनी बाईंना फराळाचा डबा दिला, चष्मेवालीला साडी दिली. कुत्री जुन्या मैत्रिणींत मिसळून शेपटी हलवत आत निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. अण्णांचं तोंड उतरलं.

"ऱ्हायली तिकडंच तर?" परतताना ते म्हणाले. "काही मुली येत न्हाईत परत."

"येईल हो. तुळशीचं लग्न झालं, फटाके संपले, की आणू." मी म्हटलं. "राहू द्या की चार दिवस सुखाने."

"व्हय, ऱ्हाऊ द्या. मी कुठं न्हाई म्हनतोय?"

भाऊबीजेला मी सोनईला मामांकडे गेले होते, रात्री उशिरा परतले. दुसऱ्या दिवशी उठायला ऊन वर आलं. चहा केला, अण्णांना हाक मारली. ओट्यावर कोणी नव्हतं. खुंटीवर टोपी नव्हती. मी चपला घालून गल्लीत शोधायला निघणार एवढ्यात फोन वाजला. संस्थेच्या बाई होत्या.

"तुमचे वडील आलेत. सकाळच्या पहिल्या एसटीने आले म्हणे."

"तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"छान आहे. ती तर त्यांच्या अंगावर चढूनच बसलीय, उतरत नाही. पण एक विचारायचं होतं." बाई जरा घुटमळल्या. "इकडं कारखान्याचं काम निघालं होतं, जाता जाता घेऊन जातो, असं म्हणतायत. इथे आमच्या माळावर कुठला हो कारखाना?"