कपाळामागचा डाग

दादा सहकारी साखर कारखान्यात गव्हाणीवर होता, ऊस जिथून आत ओढला जातो तिथं. एका दुपारी साखळी तुटली आणि लोखंडी आकडा त्याच्या कपाळात बसला. आठव्या दिवशी तो चालत घरी आला. सगळे म्हणाले, वाचला.

ज्याने बैलावर कधी चाबूक उगारला नव्हता, तो आता भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर फेकायचा आणि थोड्या वेळानं तेच खरकटं वेचत रडायचा. आई म्हणायची, नजर लागली. मी शिकलेली, शाळेत शिकवणारी. पण मीही त्याच्याशी भांडतच राहिले.

दुष्काळात ऊस उरला नाही. कारखाना बंद पडला, दादा घरी बसला. त्या वैशाखात टँकरच्या गर्दीत शेजारच्या काकांनी आईची घागर मागे सारली. रोजचंच होतं ते. दादाने भरलेला हंडा उचलून त्यांच्या डोक्यात घातला. तिसऱ्या दिवशी काका गेले. आम्हा दोघांना पोहायला त्यांनीच शिकवलं होतं.

वकिलांनी दादाच्या कपाळावरचा व्रण पाहिला आणि कोर्टाच्या परवानगीनं औरंगाबादला त्याच्या मेंदूचा फोटो काढून घेतला. डॉक्टरीणबाईंनी कपाळामागचा काळा डाग मला दाखवला. "राग आला की आतून आपल्याला थांब म्हणणारी जागा ही. यांची ती निकामी झालीय." बाहेर येऊन मी रडले. वाटलं, आता सगळ्यांना कळेल.

बीडच्या कोर्टात डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं. सरकारी वकिलांनी एवढंच विचारलं, "मारणं चूक आहे, हे अशा माणसाला कळतं का?"

"कळतं. पण थांबता येत नाही."

"कळतं. बस्स."

मग न्यायाधीशांनी दादालाच विचारलं. आमच्या वकिलांनी त्याला आधी बजावलं होतं, काही आठवत नाही म्हण.

"कळत व्हतं साहेब," दादा म्हणाला. "हात थांबला न्हाई."

वकिलांनी डोळे मिटले. कळत होतं का एवढंच कायदा विचारतो, थांबता येत होतं का हे नाही, असं निकालात होतं. दादाला जन्मठेप झाली. काकूंनी पदर तोंडाला लावला. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

तुरुंगातही त्याची मारामारी होते. वर्तन वाईट म्हणून शिक्षेत सूट मिळत नाही. मी डॉक्टरांचे कागद घेऊन गेले, तर तिथले अधिकारी शांतपणे म्हणाले, "ताई, हे कोर्टात दाखवायचं असतं."

मागच्या भेटीत जाळीपलीकडून दादानं विचारलं, "बाई, मी आदी कसा व्हतो गं?"

मी सांगत गेले. एखाद्या परक्या माणसाबद्दल ऐकावं तसा तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "चांगला व्हता की."

शिपायानं वेळ संपल्याचं सांगितलं.