सुनीतीबाईंची सोंगं

सुनीतीबाई रागावल्या की आधी हसायच्या, त्यामुळे त्या रागावल्यात हे आम्हाला फार उशिरा कळायचं. महाडला आमच्या शाळेत त्या मराठी शिकवत. एकोणसाठ साली गॅदरिंगचं नाटकही त्यांच्याच गळ्यात पडलं, कारण बाकीच्या मास्तरांना ती कटकट नको होती. बाईंना मात्र आनंद झाला. त्यांना आनंद व्हायला तसंही फारसं काही लागत नसे.

आम्हाला नाटक ठाऊक होतं ते एवढंच: मिशी चिकटवायची, छाती पुढे काढायची आणि घसा फुटेस्तोवर ओरडायचं. मला राजा व्हायचं होतं. बाईंनी माझा राजा थोडा वेळ ऐकला आणि हसल्या. "श्रीधर, तुझा हा राजा जेवतो काय रे? जिना चढताना त्याचे गुडघे दुखतात का?" मी मिशी सावरली. "मग हा राजा नव्हे, नुसती मिशी आहे," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला मुखवटे करायला बसवलं. उपड्या मडक्यावर ओली रद्दी, तिच्यावर खळ, पुन्हा रद्दी. सुकलं की काव, चुना आणि काजळ. वर्गभर सगळं चिकट झालं. "ज्याचा तुम्हाला राग येतो त्याचा चेहरा करा," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी गणिताचे मास्तर करायला घेतले. तो उद्योग त्यांनी हसत हसत बंद पाडला. पुढे रंगवून झाल्यावर माझ्या वाट्याला आली एक दोन वेण्यांची शाळकरी पोर. राजा गेला तो गेलाच.

आमच्या वर्गातल्या आवडीने मात्र पहिल्यापासून स्वतःची आजीच केली. आवडी महाडजवळच्या तुडील गावची. आई लहानपणीच गेलेली, बाप मुंबईला गिरणीत, आणि गावी एकटी आजी, येसूबाई. आवडी महाडला आत्याकडे राहून शिकायची, शनिवारी तुडीलला जायची. आणि येसूबाईने ठरवलं होतं की ह्या परीक्षेनंतर शाळा बंद, पोरीने घरी यायचं. का, ते ती सांगत नव्हती. तेव्हा आवडीने मुखवट्याला हे एवढं नाक काढलं, तोंड वाकडं केलं, भुवया अशा जोडल्या की चेटकीण बरी. आम्ही पोट धरून हसलो.

बाई हसल्या नाहीत. "हा तुझ्या रागाचा चेहरा झाला, आजीचा नाही. शनिवारी घरी जाशील तेव्हा भांडू नकोस. नुसती तिच्या हातांकडे बघ. मग मडकं घेऊन पुन्हा बस."

 सोमवारी आवडीने जुना मुखवटा भिजवून मोडला आणि दुसरा केला. तो पाहून कुणालाच हसू आलं नाही. पण तो लावून ती उठली, वर्गात चाचपडत काडेपेटी शोधू लागली, "कुठं ठेवलीस गो मेले?" म्हणत आमच्यावरच खेकसली, तेव्हा आम्ही पुन्हा हसलो, पण ते हसू निराळं होतं.

शिमग्यात सोंगावर रागवायचं नाही, सोंगाच्या तोंडून येईल ते ऐकून घ्यायचं, ही आमच्याकडची रीत. बाईंनी ती रीतच उचलली आणि वर स्वतःची एक अट घातली: मुखवटा चढवला की आपल्या सोयीचं बोलायचं नाही, त्या माणसाचंच बोलायचं. आणि मग त्यांना हुक्की आली की आपलं हे आजी-नातीचं नाटक शिमग्यात तुडीललाच करायचं. आवडी रडकुंडीला आली. बाईंनी मुखवटे जुन्या पातळात गुंडाळले आणि आम्हाला घेऊन निघाल्या.

दुपारी देवळापुढच्या अंगणात गाव जमलं. येसूबाई पुढेच बसलेली. आवडी मुखवटा लावून चाचपडत आली आणि माणसं ओरडलीच, "अरे, ही तर येसूबाय!" हशा थांबेना. मी वेण्या उडवत आजीच्या पुढेपुढे करत होतो. तेवढ्यात खरी येसूबाई उठली. मला वाटलं, संपलं, आवडीची शाळा इथेच संपली.

माझ्या आवाजाच्या रोखाने ती सरळ माझ्याकडे आली. "काढ तो." मी मुखवटा काढला. तिने तो स्वतःच्या तोंडाला बांधला, आणि बारीक आवाज काढून आवडीला विचारलं, "आजी, मी म्हाडला शाळेत जाऊ?"

 मला आवडीला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं, हो म्हण! अख्खं गाव साक्षीला आहे, पुन्हा अशी संधी येणार नाही. आवडीने बाईंकडे पाहिलं. मग मुखवटा नीट बसवला.

"नाय," आवडी म्हणाली. "जाऊ नको गो. मना दिसत नाय आता. दिवा पेटला का इझला, हात लावून बघते. एकटीला भ्या वाटतं. पन कुनाला सांगू?"

 येसूबाईने मुखवटा कपाळावर सरकवला आणि कडाडली, "ए! एवढी वाईट नाय हाय मी! जा म्हननार हुते! जरा दम तर धरायचास!" सगळं गाव हसत सुटलं. बाई पुढे झाल्या. "आजी, डोळे दाखवायला मी स्वतः तुम्हाला महाडला नेते. माझ्याच घरी राहा."

"ते बघू मागनं," येसूबाई म्हणाली आणि मुखवटा पुन्हा खाली ओढला. "आता मी परत इचारते. नीट सांग. आजी, जाऊ शाळेत?"

"जा," आवडी म्हणाली. 

"जा म्हनली! आजी जा म्हनली!" येसूबाईने पदर खोचला आणि अंगणभर उड्या मारायला लागली. ढोलवाल्याने ढोल धरला. सुनीतीबाई टाळ्या वाजवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी पुढे स्वतः मास्तर झालो, वर्गावर वर्ग शिकवले. पण शाळेत जायला मिळालं म्हणून इतकी हरखलेली पोर मला पुन्हा दिसली नाही, आणि ती सत्तरीला टेकलेली होती.