शोभा मॅडम आणि हरलेली फायनल

अण्णांचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या मैदानावर मुलींचा सराव घेत होते. "मॅडम गेल्या, बेटा," एवढंच बोलले... शोभा मॅडम म्हणजे बिलोलीच्या आमच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका. अण्णा त्यांचे यजमान. त्याला आता महिना होत आला.

युरोपातल्या फुटबॉल स्पर्धेच्या सगळ्या फायनल मॅडमना तोंडपाठ होत्या. त्या सांगू लागल्या की खेळाचा तास संपू नये असं वाटायचं. पण त्या गोष्टींची ताकद मला कळली ती आमच्या ओसरीवर. लातूरच्या स्पर्धेतून एका संघानं ऐनवेळी माघार घेतली आणि बदली म्हणून आम्हाला बोलावणं आलं. माझ्या वडिलांनी साफ सांगितलं, "दुसऱ्याच्या सोडलेल्या जागंवर कशाला जायचं? पोरगी न्हाई येणार."

मॅडम चहा घेत म्हणाल्या, "काका, डेन्मार्कलाबी असंच ऐनवेळी बोलावलं होतं. युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं म्हणून."

"मंग?"

"फायनलला जर्मनीला हरवलं की त्यांनी!"

वडील म्हणाले, "लई भारी काम केलं की. घेऊन जा पोरीला."

लातूरला आम्ही थेट फायनल गाठली आणि एका गोलनं हरलो. गोलकीपर मीच होते. आम्ही सगळ्याजणी मैदानातच रडत बसलो, तशा मॅडमही आमच्यात मातीत येऊन बसल्या. पोर्तुगाल स्वतःच्या घरी ग्रीसकडून फायनल कसं हरलं ते त्यांनी सांगितलं, आणि पुढे त्याच पोर्तुगालनं फ्रान्सला फ्रान्समध्ये जाऊन फायनलला कसं हरवलं, तेही.

"मधी किती वर्षं गेली, मॅडम?" मी विचारलं.

"बारा. तुमाला एवढी न्हाई लागायची."

नाहीच लागली. पुढच्याच वर्षी लातूरच्या संघाला त्यांच्याच मैदानावर हरवून आम्ही ढाल आणली. बिलोलीच्या बसस्टँडवर हलगीवाले घेऊन माझे वडील सगळ्यांच्या पुढे उभे होते!

परवा अण्णांना भेटायला गेले. बैठकीत, मॅडमच्या खुर्चीसमोर, आमच्या संघाचा एकच फोटो लावलेला आहे. हरलो त्या दिवशीचा.

"अण्णा, जिंकल्याचा का नाही लावला?"

"मीबी तेच विचारलं होतं. तर म्हणाली, जिंकल्यावर कुणाचीबी मान वर असते. ह्या पोरींकडं बघा."

मी जवळ जाऊन पाहिलं. डोळे सुजलेले, गुडघे मातीनं माखलेले... आणि एकीचीही मान खाली नव्हती.