शंकासुराचा अहवाल

आमच्या टेलिफोन कंपनीत त्याला सगळे शंकासुर म्हणत, आणि नाव त्याला शोभायचंही. कंपनीच्या संगणकांत चोर शिरू नये, हे पाहायचं त्याचं काम. मी शेजारच्या टेबलावर. चहा पुढे केला तरी विचारणार, "आज का?" बायकोने नवा नंबर घेतला, तर आधी तिच्याकडून लग्नाची तारीख वदवून घेतली आणि मगच बोलला. वहिनी चुकल्या असत्या तर त्यांचा नंबर ब्लॉक झाला असता.

परवा त्याला सापडलं, की ऑपरेशनसाठी दोन महिने रजेवर असलेल्या हेडक्लार्कचं लॉगिन रोज सकाळी कुणीतरी वापरतंय. त्यातून हजारो ग्राहकांचे नंबर आणि पत्ते दिसतात. चार दिवस तो पाळतीवर होता. माझ्याकडेही टवकारून बघायचा. मला त्याचा मनस्वी राग आला. पाचव्या दिवशी मला साक्षीला घेऊन तो तडक खाली तक्रार विभागात गेला. तिथल्या बाई निवृत्तीला आलेल्या.

"मीच वापरते," त्या म्हणाल्या. "पासवर्ड हेडक्लार्कच्या कीबोर्डखाली चिकटवलेला होता. लोकांचे बंद फोन काय मंत्र म्हणून सुरू करू?"

"स्वतःचं लॉगिन का नाही मागितलं?"

बाईंनी खणातून तीन अर्ज काढले. तिन्हींवर लाल शाईचा शेरा, 'कारण पटत नाही. पुन्हा अर्ज करावा.' खाली सही शंकासुराची.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दुसऱ्याचं लॉगिन वापरलं की थेट बडतर्फी, पेन्शनवर पाणी.

"माझं नाव लिहिणार ना?" बाईंनी विचारलं. "लिहा. फक्त आधी कळवा, घरी सांगायला हवं."

जेवणाच्या सुट्टीत तो डबा न उघडता अहवाल लिहीत बसला. कोणी वापरलं, ते त्याने लिहिलंच नाही. दोषी म्हणून स्वतःचं नाव घातलं. तक्रार विभागाचे अर्ज आपण विनाकारण अडवले म्हणून हे घडलं, असं स्पष्ट लिहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याचा अभिमान वाटला.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"स्वतःहून कुणी स्वतःचं नाव लिहितं का हो? कुणाला पाठीशी घालताय?"

"कुणालाच नाही, साहेब. चूक माझीच आहे."

"कुठेतरी पाणी मुरतंय. तक्रार विभागात कोण कोण बसतं, त्यांची यादी आणा."

शंकासुर जागचा हलला नाही. तक्रार विभागात बाई एकट्याच बसत.